सोनवणेकाकांची तक्रार

आमच्या पलसाण्याच्या डाइंग मिलमध्ये नवीन सर्व्हर आला की सोनवणेकाका तो कुणाला चालू करू देत नाहीत. खोकं उघडतात, मशीन टेबलावर ठेवतात आणि समोर खुर्ची टाकून बसतात. "बसू दे जरा. ट्रकमधून आलाय बिचारा."

कॉम्प्युटर विभागात आम्ही दोघंच. दिवसभरात काका जेमतेम चार वाक्यं बोलतात, त्यातली निम्मी मशीनला उद्देशून. विश्वास कशावरच नाही. सर्व्हरचा हिरवा दिवा लागला की म्हणणार, "खोटं बोलतोय." मॅनेजर शहासाहेब गुजरातीत 'मजामां', म्हणजे मजेत, म्हणून पुढे गेले की, "हाही खोटं बोलतोय."

मागे आलेला एक सर्व्हर मात्र खरोखरच खोटारडा निघाला. सगळे दिवे लावायचा आणि चहा येईपर्यंत आपोआप बंद होऊन परत सुरू व्हायचा. कंपनीला फोन केला. पलीकडची मुलगी म्हणाली, "सर, सॉफ्टवेअर परत टाका."

काका भडकले. "ताप एकाला आणि काढा दुसऱ्याला?"

त्यांनी मेमरीच्या सगळ्या पट्ट्या उपटल्या, टेबलावर ओळीनं निजवल्या आणि एकेक परत बसवून चौकशी सुरू केली. एका पट्टीला मशीन आडवं झालं.

"सापडला चोर!" मी म्हटलं.

काकांनी तीच पट्टी शेजारच्या खाचेत बसवली. मशीन सुरळीत! "पट्टी निर्दोष आहे. खाच खराब. बोर्डच बदलायला लागणार." आणि त्यांनी चक्क पट्टीची माफी मागितली.

नवा बोर्ड घेऊन कंपनीचा इंजिनिअर आला, तो फोनवर आईशी अहिराणीत बोलतच. काकांचा चेहराच पालटला.

"कोणता गावना शे रे भाऊ तू?"

"पारोळाना, काका."

बोर्ड लगेच बसला. इंजिनिअर मात्र संध्याकाळपर्यंत हलला नाही. काकांनी त्याला आपला डबा खाऊ घातला. भरताच्या वांग्यांवरून दोघांचं कडाक्याचं भांडण झालं. काकांना मोठ्यानं हसताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

तो गेल्यावर काका दाराकडे बघत म्हणाले, "तुझी काकू गेल्यापासून घरात अहिराणी बंदच आहे. नातवंडं गुजरातीत उत्तर देतात."

दुसऱ्या दिवशी सर्व्हर झकास चालू होता. काका फोनवर सांगत होते, "पंखा आवाज करतोय. हो, कालचाच इंजिनिअर पाठवा. त्याला केस माहीत आहे."

मी पंख्याला कान लावला. काहीही आवाज नव्हता. तेवढ्यात शहासाहेबांनी आत डोकावून विचारलं, "शुं थयुं? परत बिघडला?"

"घरघरतोय थोडासा," मी म्हटलं.