न दिलेल्या मतांचे बापूराव

लोकल बोर्डाची निवडणूक झाली की दुसऱ्या दिवशी सकाळी आमचे शेजारी बापूराव वही घेऊन बाहेर पडत. निवडून कोण आलं, याच्याशी त्यांना देणंघेणं नसे. जे मत द्यायला गेलेच नाहीत, त्यांच्या दारात उभं राहून ते म्हणत, "कारण सांगा, कारण."

मी तेव्हा कर्जतच्या शाळेत मास्तर होतो. बापूराव कचेरीतून निवृत्त झालेले. "आपले लोक आळशी, असं गोरा साहेब म्हणतो. मोजलंय कुणी?" असं म्हणून ते स्वतःच मोजत सुटले होते, आणि रविवारी मलाही ओढून नेत.

एक शेतकरी म्हणाला, "दोगंबी मेवणे उभे. एकाला दिलं तर दुसरा सणाला बोलवणार नाय."

"अरे, पण मत गुप्त असतं!"

"मत असंल. माजं तोंड नाय ना."

बापूरावांनी गंभीरपणे लिहिलं: 'तोंड.'

खालापूरकडच्या एका विधवेचं नाव यादीत 'लक्ष्मणची बायको' असं लागलं होतं. ती चुलीपुढून उठलीच नाही. "ती कोण, मला ठाव नाय. मी गोदा." बापूरावांनी कानाची पाळी धरली. "चुकलं, गोदाबाई." कचेरीत चार खेपा घालून त्यांनी यादी दुरुस्त करून घेतली.

माथेरानच्या उतारावरच्या ठाकूरवाडीत मात्र एकालाही मत नव्हतं. शेतसारा भरणाऱ्यांनाच तो हक्क. तरी बापूराव मला घेऊन तिथं चढले. अंगणात एक म्हातारी नाचणी पाखडत होती.

"आजी, तुम्हाला मत असतं तर काय मागितलं असतंत?"

ती हसली. "हीर. पोरी पाण्याला पार वढ्यापातुर जातात."

त्यांनी ते लिहून घेतलं. पुढे विहिरीचा अर्ज त्यांनी बोर्डाकडे इतक्यांदा धाडला की शेवटी वैतागून बोर्डानं विहीर खोदली. पण ते नंतरचं. त्या दिवशी आम्ही उठलो, तशी म्हातारी म्हणाली, "बस रं बाबा. भाकर खाऊन जा."

"नको, घरी..."

"घरी कोण हाय वाट बघाया?"

बापूराव खाली बसले. भाकरी खाता खाता ते तिला आपल्या बायकोबद्दल सांगू लागले. तापाच्या साथीत ती गेली, तिच्या हातची भाकरी अशीच जाड असायची, आणि ते तिला त्यावरून चिडवत. तीन वर्षांच्या शेजारात त्यांनी तिचं नाव माझ्यासमोर एकदाही काढलं नव्हतं. म्हातारीनं त्यांच्या ताटात आणखी एक भाकरी टाकली.

उतरताना ते एकदम थांबले.

"मास्तर, घरी कुणी नाही म्हणून मी दारोदार हिंडतो, असं समजू नका हं."

मी तसं काहीच म्हटलं नव्हतं.

"छे हो," मी म्हणालो. "पुढच्या रविवारी कुठं जायचं?"