बादल्यांतलं नवं भात

दिवाळीपर्यंत बाबांची जमीन बरी करून दाखवतो, असं चंदर भोईरने त्या जूनमध्ये चाळीत जाहीर करून टाकलं. ऐकणाऱ्यांनी माना डोलावल्या आणि त्याची पाठ वळताच हसून घेतलं.

जमीन भाताची, कांजूरमार्गला खाडीकडची. वरच्या अंगाला धातूंना मुलामा देणारा कारखाना आला, त्याचं पाणी नाल्यातून शेतात उतरलं आणि मातीत कॅडमियम नावाचं विष मुरलं. भात दिसायला झकास, पण विष दाण्यात! हे कळल्यापासून रामनाथबाबांनी नांगराला हात लावला नव्हता. चंदरचा थोरला भाऊ लहू म्हणायचा, विकून मोकळे होऊ. बिल्डर तयारच होता.

चंदर कॉलेजच्या प्रयोगशाळेत कामाला. तिथले श्यामसुंदर सर म्हणाले होते, मातीत पुरेसं जस्त घातलं तर भात कॅडमियम कमी ओढतं. करून बघ, दाणे मी तपासून देतो. झालं! चंदरने शेतातली माती आणली आणि मुलुंडच्या चाळीत गॅलरीभर बादल्या मांडल्या. निळ्या बादल्यांत जस्ताचं खत, लाल बादल्यांत नुसती माती. दोन्हींचे दाणे वेगवेगळे तपासायचे आणि निळ्यांत विष कमी निघालं, तर जमीन विकायची नाही. लहूने हे कबूल केलं, पण दिवाळीपुढे थांबणार नाही म्हणाला.

गॅलरीतून लोक अंग चोरून चालू लागले. शेजारच्या नंदाताईंची कपड्यांची दोरी गेली. लोंब्यांवर चिमण्या तुटून पडल्या, तेव्हा चंदरने बायकोची चांगली साडी बादल्यांवर पांघरली आणि घरातला अबोला सोसला. बाबा मात्र बादल्यांजवळ स्टूल टाकून दिवसभर बसत. कधी नव्हे ते गुणगुणत.

दसऱ्याला प्रयोगशाळेतल्या यंत्रांची पूजा आटपून चंदर घरी आला. बघतो तर चाळीच्या दारादारावर झेंडूत गुंफलेल्या भाताच्या लोंब्या! आणि बादल्यांत नुसती धसकटं.

दसऱ्याला नवं भात दाराला बांधायचं, शेजाऱ्यांना वाटायचं, ही भोईरांची रीत. बाबांनी लाल-निळ्या सगळ्या बादल्यांतलं भात कापून दारोदार लोंब्या वाटल्या होत्या, खायला नव्हे, दाराला बांधायला.

कुठली लोंबी कुठल्या बादलीतली ते विचारत चंदर दारोदार हिंडला. तोरणाला हात लावू दिला नाही नंदाताईंनी. सणाचं तोरण उतरवतोस, डोकं फिरलंय का, म्हणाल्या. आपली लोंबी निळ्या बादलीतलीच, असं पलीकडच्या खोलीतल्या खंडूने छातीठोकपणे सांगितलं. कारण विचारलं तर म्हणाला, आमचं दार निळं आहे ना!

"बाबा, तुम्ही सगळ्याची वाट लावलीत," चंदर घरी येऊन म्हणाला. जन्मात पहिल्यांदा तो बापावर ओरडला होता.

"पिकलं म्हणून दिलं रे," बाबा म्हणाले. "इतकी वर्षं दसऱ्याला कुणाला काही देता आलं नाही."

चंदरला स्वतःचीच लाज वाटली. पण लाजेने लोंब्या वेगळ्या होत नव्हत्या. सर म्हणाले, मिसळलेल्या दाण्यांवरून काहीच ठरत नाही, पुढच्या पावसाळ्यात पुन्हा करू. लहू पुढच्या पावसाळ्यापर्यंत थांबणार नव्हता.

दिवाळी झाल्यावर सगळे जमीन विक्रीचे कागद करायला गेले. अंगठ्याला शाई लागली तरी बाबा थांबले आणि बिल्डरच्या माणसाला समजावू लागले. मातीत विष आहे, तिथला भात पोरांना देऊ नका. जस्त घालून बघा, हा माझा मुलगा तुम्हाला दाखवील.

माणूस समजूतदार होता, हसला नाही. "बाबा, तिथे बिल्डिंग होणार. भात कोण लावतंय?"

बाबांनी चंदरकडे पाहिलं. प्रयोगशाळेत काम करणाऱ्या मुलाकडे यावर काहीतरी उत्तर असेल, असं त्यांना अजूनही वाटत होतं. चंदरने कागद त्यांच्यापुढे सरकवला. मग बाबांनी अंगठा उमटवला.