ज्योतीरामचा खडा

"भट्टीपुढं काम करणाऱ्यानं पाणी पिऊच नये," असं ज्योतीराम ओतकामाच्या कारखान्यातल्या नव्या कामगारांना छातीठोकपणे सांगायचा. "पाणी प्यालं की उठावं लागतं, उठलं की सुपरवायझर डोळे वटारतो." स्वतः अख्खी शिफ्ट चहावर काढायचा. मग एका सकाळी पाठीतून जांघेपर्यंत अशी कळ गेली, की गडी साच्याच्या वाळूतच लोळला.

"मुतखडा," डॉक्टर म्हणाले. "पाणी सगळं घामावाटे जातं, लघवी घट्ट होते, क्षार साठून खडा बनतो. लघवी पाण्यासारखी स्वच्छ होईपर्यंत पाणी पीत राहा. लघवी फडक्यातून गाळा. खडा पडला तर आणा, कशाचा आहे ते तपासू."

दापोडीच्या खोलीत चतुराबाईनं नवऱ्याच्या उशाशी हंडाच आणून ठेवला. शेजारणीनं कुळथाचं कढण दिलं. ज्योतीराम पिऊन पिऊन थकला.

चार दिवसांनी तो कामावर निघाला. कासारवाडीच्या अलीकडेच बसमध्ये त्याचा धीर सुटला.

"कंडक्टरसाहेब, थांबवा."

"स्टॉप पुढं हाय."

"माझा हितंच हाय."

उतरून तो रस्त्याच्या कामासाठी टाकलेल्या खडीच्या ढिगामागं पळाला. बारीकशी कळ आली, काहीतरी टचकन उडालं आणि जिवाला एकदम हलकं वाटलं. मग खिशातलं फडकं आठवलं. तो मुकाट्यानं उकिडवा बसून खडी निवडू लागला.

खडी वाहणारी गवराबाई पाटी ठेवून म्हणाली, "काय हरवलं, दादा?"

"खडा."

तिनं एकदा ढिगाकडं पाहिलं, एकदा त्याच्याकडं. "अंगठीतला व्हय?"

लाजेनं ज्योतीरामनं होकारार्थी मान हलवली. तेवढ्यावर तिनं सगळ्या बायकांना हाक मारली. "या गं, दादाचा अंगठीतला खडा पडलाय." बघता बघता सहा-सात जणी ढिगात हात घालून बसल्या.

"नका, बाई. ऱ्हाऊ द्या."

"आसं कसं? म्हागाचा आसंल."

"हितली खडी वली कशानं गं?" एकीनं विचारलं.

आता सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं. ज्योतीरामनं जमिनीकडं बघत सगळं सांगितलं. कुणी हसलं नाही. सगळ्याजणी नुसत्या आपापल्या हातांकडं बघत राहिल्या.

गवराबाईनं कळशीतल्या पाण्यानं सगळ्यांचे हात धुवून दिले. उरलेलं गडूभर त्याच्यापुढं धरलं. "पी, दादा. माझ्या भावालाबी झालता. लई वंगाळ दुखणं."

नाही म्हणायला तोंड नव्हतं. ज्योतीराम उन्हात उभा राहून सगळं पाणी प्याला.

बस काही लवकर आली नाही. त्याला पुन्हा लागली, आणि त्या ढिगामागं जायची आता सोय उरली नव्हती.