दहा हात कमी पडलेला दोर

आमच्या संग्रहालयातली एकही वस्तू सात वर्षांत जागची हललेली नाही, असं मी छातीठोकपणे सांगायचो. हलणार कशी? राखणदार मी! दोर वळणाऱ्या गल्लीचा सव्वाशे वर्षांचा इतिहास मी दोन खोल्यांत मांडला होता. वस्तू सगळ्या सासऱ्यांच्या घरातल्या. देताना ते एवढंच म्हणाले होते, "जावईबापू, लागलं तर नेईन हं."

"न्या की!" मी म्हणालो. यंत्राचा दोर आल्यापासून त्यांना काय लागणार होतं, कपाळ!

मग वरच्या कचेरीतून पत्र आलं. तपासणीला एक अधिकारी बाई येणार. पसंत पडलं तर माझी नोकरी कायम, नाहीतर संग्रहालयाला कुलूप आणि मी मेहुण्याच्या गाद्यांच्या दुकानात. हा मेहुणा गिऱ्हाइकांदेखत मला "अरे ए" अशी हाक मारतो! बायकोनं तर तिकडे न्यायचा डबासुद्धा घासून ठेवला होता.

मी कंबर कसली. मोठ्या संग्रहालयांत वस्तूंपुढे जाड दोर बांधलेला असतो, लोकांनी लांबूनच बघावं म्हणून. तसा आपल्याकडेही पाहिजे! दुकानातला नायलॉन? छे! दोर वळणाऱ्यांच्या संग्रहालयात नायलॉन बांधला तर गल्लीत तोंड दाखवायची सोय उरली नसती. मी सासऱ्यांना गाठलं.

"मामा, चाळीस हात दोर हवा. हातानं वळलेला. परवा सकाळपर्यंत."

"देतो की," ते मिशीतल्या मिशीत हसले. "किल्ली तेवढी ठेवून जा."

दोर बांधायला लागेल म्हणून मी किल्ली दिली. माझ्या डोक्यात एवढाच प्रकाश पडला!

तपासणीच्या दिवशी मी बाईंना स्टेशनवरून घेऊन आलो. दार उघडलं. समोर दोर! पिवळाधमक, घट्ट पिळाचा.

"वा!" बाई म्हणाल्या. "आणि याच्या मागे काय आहे?"

मी मागे पाहिलं आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. मागे फक्त चिठ्ठ्या होत्या. 'दोर वळण्याचे चाक, वय एकशे वीस वर्षे.' चाक गायब! 'पेड वेगळे ठेवण्याचा तीन खाचांचा ठोकळा.' ठोकळा गायब! 'कारागिराचे बाक.' तेही गायब!

"चाक दुरुस्तीला दिलंय," मी ठोकून दिलं.

"आणि बाक?"

"ते... चाकाबरोबर गेलं."

"सोबतीला?"

तेवढ्यात मागच्या अंगणातून करकर ऐकू आली. बाई तडक तिकडे निघाल्या, मागोमाग मी. अंगणात सासरे एकशे वीस वर्षांचं चाक गरागरा फिरवत होते. बाकावर सासूबाई ऐसपैस बसल्या होत्या.

"दहा हात कमी पडला हो!" सासरे ओरडले. "आत्ता होईल. हातानं वळलेला हवा म्हणालात, मग ही अवजारं नकोत का?"

खरं होतं. वस्तूंचं रक्षण करणारा दोर वळायला त्याच वस्तू लागत होत्या, आणि मागणी माझीच! लाजेनं मला कुठे बघावं ते कळेना.

बाईंनी मात्र पर्स सासूबाईंच्या मांडीवर ठेवली आणि चाकाची मूठ धरली.

"हात लावू नका!" सवयीनं मी किंचाळलो.

कुणी ढुंकून पाहिलं नाही. बाई झकास चाक फिरवू लागल्या. आपणही कामाचे आहोत हे दिसावं म्हणून मी धावत जाऊन दोराचं दुसरं टोक पकडलं. दोराला झटका बसला, टोक माझ्या हातून सुटलं, आणि सकाळभर वळलेला दोर बघता बघता गोळा होऊन बाईंच्या पायांत येऊन पडला!

"सात वर्षं राखलंत ना हे?" सासरे शांतपणे म्हणाले. "एकदा तरी हात लावून बघायचा होता."

आठवड्यानं अहवाल आला. 'अवजारे चालू स्थितीत आहेत, कारागीर हयात आहेत. सबब हे संग्रहालय नसून कार्यशाळा समजावी. प्रमुख: श्वशुर. मदतनीस: जावई, कायम.'

बायको खूश आहे. कायम ते कायम! मी रोज दोराचं टोक धरून उभा असतो. संग्रहालयाची एकच खूण उरली आहे, 'कृपया हात लावू नये' ही पाटी. सासऱ्यांनी ती चाकावर टांगली आहे, माझ्याकडे तोंड करून.