पंधरा मिनिटं सोडायचं नाही

शिडाच्या जुन्या होडीची लाकडी काठपट्टी बदलायची, हा हट्ट मुळात तिचाच. पट्टी जागोजाग पिचली होती. तिच्या चार वर्षांच्या छकुलीच्या तळहातात एकदा पट्टीचं कुसळ गेलं आणि तिने नवऱ्याला बजावलं, "पट्टी बदलल्याशिवाय पोरगी होडीत पाय ठेवणार नाही."

उद्या सकाळी क्रेन येऊन धक्क्यावरच्या सगळ्या होड्या पाण्यात सोडणार होती. म्हणून आज सासूबाईंसकट सगळं घर धक्क्यावर, आणि मदतीला सुतारकाका. सकाळी डावी पट्टी वाफवून, वाकवून, गोंद लावून बसवली. दुपारी नवऱ्याने वाफेच्या नळीतून उजवी ओढली आणि विचारलं, "पट्टी आवळायचे शिकंजे कुठायत?"

सगळ्यांनी डाव्या बाजूकडे पाहिलं. बाराच्या बारा शिकंजे डाव्या पट्टीवर आवळलेले होते.

"काढायचे का तिकडचे?"

"हात लावू नका!" सुतारकाका ओरडले. "गोंद ओला आहे. दोन्ही बाजू घालवाल."

"मग स्क्रू मारू या?"

"गरम लाकूड चिरेल. गार होईपर्यंत हातांनी दाबायचं. पंधरा मिनिटं. चौघं आहोत की!"

हातमोजे चढवून चौघं पट्टीला भिडले. पुढे नवरा, टोकाला सुतारकाका, त्यांच्याअलीकडे सासूबाई. मधला सगळ्यात अवघड बाक आला तिच्या वाट्याला.

"कोणी सोडायचं नाही," नवऱ्याने दम भरला. "बोलायचं नाही. नुसता जोर लावायचा!"

जेमतेम अर्धं मिनिट गेलं.

"माझं नाक खाजतंय," सासूबाई म्हणाल्या.

"आई, खांद्याला घासा."

"अगं, खांदा पोचत नाही. किती झाली रे मिनिटं?"

"एक."

"घड्याळ बंद पडलंय तुझं."

तिने मान वळवली. मघाशी छकुली जुन्या दोऱ्यांच्या ढिगावर बसली होती. आता ढीग होता, छकुली नव्हती.

"छकुली कुठेय?"

"इथेच होती."

"इथेच म्हणजे कुठे? छकुलीऽऽ!"

ओ नाही. धक्क्याची कड चाळीस पावलांवर होती. ती सकाळीच मोजून आली होती.

"हलू नकोस हं!" नवरा म्हणाला. "सगळा बाक तुझ्याकडे आहे. दुसरी पट्टी नाही आपल्याकडे."

"बाक गेला खड्ड्यात!"

तरी तिने धरून ठेवलं. एक, दोन, तीन मोजलं. चारला सोडलं.

पट्टी टणकन उसळली. सासूबाई किंचाळल्या, नवऱ्याचा चष्मा उडाला. ती कडेपर्यंत पळाली, वाकून पाहिलं. पाणी शांत होतं, म्हणून ती आणखी घाबरली. शेजारच्या दोन होड्यांखाली डोकावून, धापा टाकत ती आपल्याच होडीच्या डाव्या बाजूला आली.

तिथे रंगाच्या पालथ्या डब्यावर छकुली उभी होती. चेहरा लालबुंद. शिकंज्यांनी करकचून आवळलेली पट्टी तिने दोन्ही हातांनी दाबून धरली होती.

"अगं, ओ का दिली नाहीस?"

"बोलायचं नव्हतं," छकुली दातओठ खात पुटपुटली. "इकडे धरायला कोणीच नव्हतं."

"सोड आता, बाळा."

"पंधरा मिनिटं झाली?"

"नाही, पण—"

"मग तू पण जा ना तुझ्या जागेवर!"

ती गेली. पण तोवर लाकूड गार होऊन हट्टाला पेटलं होतं. सुतारकाकांनी ते कसंबसं स्क्रूंनी दाबलं, तरी मधोमध चांगला मुठीएवढा फुगवटा राहिलाच.

दुसऱ्या दिवशी क्रेनवाला होडीला पट्टा बांधता बांधता थबकला. "डावी बाजू एकदम झकास. उजवीला काय झालं?"

तिने घसा खाकरला. "लाकडातच जरा दोष—"

"डावी मी धरली होती," छकुलीने पुढे होऊन सांगितलं. "उजवी आईने सोडली."