मामाच्या पोत्यातलं अस्वल

शिकारी मी नुसत्या चालीवरून ओळखते! उगाच नाही सांगत. परतवाड्याच्या आमच्या शाळेत 'वाचवा वन्यजीव' भाषणस्पर्धेत पहिलं बक्षीस कोणाला? मला, श्रावस्तीला! बक्षीस द्यायला वनरक्षक गीतांजली मॅडम आल्या होत्या. "जंगलात शिकार दिसली की मला फोन कर," म्हणाल्या. नंबर मी तिथेच पाठ केला.

त्याच जोशात सुट्टी लागताच पायलताईच्या पार्लरमध्ये जाऊन कंबरेपर्यंतची वेणी उडवली! मानेपर्यंत केस! एकदम ऑफिसर! फक्त आईला सांगायचं राहिलं. तिने ती वेणी तेल घालून घालून लेकरासारखी वाढवली होती हो! म्हणून मी घरातही स्कार्फ गुंडाळून फिरत होते.

"ऊन लागते वं मले!"

"सयपाकघरात कुठलं ऊन लागून राहिलं तुले?"

अशा अवस्थेत आम्ही नितेशमामाच्या गावी आलो. त्याचं वावर मेळघाटच्या राखीव जंगलाला चिकटून. मध्ये फक्त एक नाला. पलीकडची हरणं आणि रानडुकरं मामाच्या भुईमुगावर लग्नाच्या पंगतीसारखी येऊन बसतात!

"यंदा डुकरायचा बंदोबस्तच करतो," चहा पिता पिता मामा म्हणाला. माझे कान ताठ! तेवढ्यात त्याचा फोन वाजला आणि तो गोठ्यामागे गेला. मीही गेले.

"हो योगेश, माल भेटला. काळा हाय, चांगला दाट! आजच टाकतो जंगलाच्या काठानं. पण किसनरावले बोलू नको बरं! त्याले पत्ता लागला तं सारा माल तोच उचलंल."

माल! माझा सख्खा मामा!

मोटरसायकलला पोतं बांधलेलं होतं. भोकात बोट घालून ओढलं, तर हातात राठ, काळे केस. अस्वल! आणखी ओढले, तर पांढरे. म्हातारं अस्वल! आणखी ओढले, तर केशरी. बाप रे, वाघसुद्धा!

काळीज तुटत होतं. मामा तुरुंगात गेला तर मामीचं काय? भुईमूग कोण उपटेल? पण कायदा तो कायदा! फोन लावला.

गीतांजली मॅडमची जीप आली आणि जीपमागे अख्खं गाव. सगळ्यांत पुढे शेजारच्या वावराचे किसनराव.

"पोत्यात काय आहे?" मॅडमनी विचारलं.

मामानं किसनरावांकडे पाहिलं. "यायच्यासमोर नाही सांगता येत, मॅडम."

"पाहिलं?" मी ओरडले. "गुन्हेगार असाच बोलतो!"

"काहून वं, सख्ख्या मामावर उठली काय?" आईनं कपाळावर हात मारला.

"आई, जंगल सर्वांचं असतं!" मी भाषणातलं वाक्य फेकलं. शाळेत इथे टाळ्या पडल्या होत्या. इथे एक बकरी ओरडली.

पोतं उलटं केलं. केसच केस! हाड नाही, कातडं नाही.

"परतवाड्याच्या योगेशच्या सलूनातले केस हायेत, मॅडम," मामा रडकुंडीला आला. "अन् त्याच्या बायकोच्या, पायलच्या पार्लरातले. धुऱ्यावर, वावराच्या बांधावर टाकले का डुक्कर हुंगाले येते, नाकात केस जाते, अन् शिंकत शिंकत जंगलात वापस! ना गोळी, ना करंट."

अस्वल म्हणजे परतवाड्याची पोरं, आणि वाघ म्हणजे कोणाच्या तरी आजीची मेंदी!

"म्हनून योगेश मले केस देत नव्हता काय बे!" किसनराव खवळले.

मॅडम हसल्या. गाव हसलं. चला, हसण्यावर निभावलं, म्हणून मीही हसले. आणि ढिगावरून एक लांब वेणी घरंगळत थेट आईच्या पायाशी आली. लाल रिबीन बांधलेली. रिबिनीच्या टोकाला आईनं स्वतः विणलेलं क्रोशाचं फूल!

आईनं वेणी उचलली. मग सावकाश माझ्या स्कार्फकडे पाहिलं.

"मॅडम," मी जीपमागे सरकले, "दुर्मिळ प्राण्याला संरक्षण असतं ना?"

"हे प्रकरण आमच्या हद्दीत येत नाही," म्हणाल्या आणि जीप सुरू!

पुढे आई जे बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही. पार जंगलातल्या सेमाडोह गावापर्यंत ऐकू गेलं असणार! पण त्या रात्री मामाच्या वावरात एकही डुक्कर फिरकलं नाही. मामा म्हणतो, केसांचा गुण.

किसनराव मात्र सकाळीच आईसमोर हात जोडून उभे.

"ताई, पोरीले घेऊन माह्या वावरात येता काय? जरासं तिथंबी बोला न तिले!"