मुकुटावरून लावायचा लेप

एका जंगलात एक सिंह राज्य करत होता. कुठल्या जंगलात, असं विचारू नका. जो विचारेल त्याला पुढे येऊन नकाशा काढावा लागेल. हं, आता कसे गप्प बसलात!

सिंहाचं नाव दुर्जय. गादीवर बसला तेव्हा अगदी कोवळा होता. आयाळ म्हणजे डोक्यावर चार केस. त्या मापाचा मुकुट घडवला गेला. दुर्जयने तो डोक्यावर चढवला, हनुवटीखाली काथ्याच्या दोरीने करकचून बांधला आणि ठरवलं, आता हा काढायचा नाही. काढला आणि कोणी पळवला तर? ज्याच्या डोक्यावर मुकुट तो राजा, एवढा एकच कायदा त्या जंगलात शिल्लक होता. बाकीचे वाळवीने खाल्ले होते.

मग काय! जेवताना मुकुट. झोपताना मुकुट. नदीत डुंबतानाही मुकुट. आत घाम साचला, धूळ साचली, कोंडा झाला. डोकं असं खाजायचं, की दरबार भरलेला असताना महाराज हळूच सिंहासनाच्या पाठीवर मान घासायचे. दरबारी एकमेकांना म्हणायचे, "शू! महाराज विचार करताहेत."

ए, खांबाजवळची! ओल्या केसांची घट्ट वेणी घालून आली आहेस ना? गोष्ट संपू दे, मग बघते तुझ्याकडे.

तर महाराजांचे केस गळायला लागले. आधी एकेक, मग पुंजकेच्या पुंजके. त्या वर्षी सुगरणींची सगळी घरटी सोनेरी झाली. एवढं सोनेरी गवत जंगलात कुठे उगवतं, असा प्रश्न प्रत्येकाला पडला, आणि उत्तर प्रत्येकाला ठाऊक होतं. पोपटांनी ते मोठ्याने सांगून टाकलं. "मुकुटाखाली टक्कल आहे! मुकुटाखाली टक्कल आहे!"

मग एके दिवशी दरबारात सेनापती उभा राहिला. हा चपळराव बिबट्या. दिसायला देखणा, बोलायला गोड, आणि मुकुटाकडे बघताना हमखास जिभल्या चाटणारा.

"महाराज, प्रजेच्या मनात शंका आहे," तो म्हणाला. "माझ्या नाही हो! प्रजेच्या. तेव्हा होळीच्या दरबारात आपण मुकुट काढून आयाळ दाखवावी, एवढीच तिची इच्छा आहे."

"आणि आयाळ नसली तर?" एका रानडुकराने विचारलं.

"नसली तर मग तो सिंह कसला? मोठं मांजर. आणि मांजराला महाराज म्हणायला माझी जीभ वळणार नाही."

दुर्जयने हनुवटीखालची गाठ चाचपली. आयाळ नाही तर राज्य नाही. होळीला अजून अवकाश होता, पण फार नव्हता.

ताबडतोब केशवृद्धी समिती नेमली गेली. अध्यक्ष, प्राध्यापक गिधाड. सदस्य, कासव आणि बेडूक. तिघांत मिळून एक केस नव्हता. अस्वलाला का घेतलं नाही? असं काय विचारता! केसवाल्यांना समितीत घेतलं तर ते केसांचीच बाजू घेणार. निवाडा निःपक्षपाती नको का?

"महाराज, माझ्या डोक्याकडे बघू नका," प्राध्यापक गिधाड म्हणाले. "माझे केस अभ्यासात गेले."

सगळा दरबार हळहळला.

राणी कनका इतका वेळ ऐकत होती. आता तिला राहवेना. "अहो, एवढी समिती-बिमिती कशाला? रात्री तो मुकुट काढून ठेवा. डोकं नीट धुवा. जरा ऊन लागू द्या. मी खोबरेल चोळून देते. झालं!"

प्राध्यापक गिधाड मान हलवून हसले. "राणीसाहेब, हे फारच साधं आहे."

"साधं आहे म्हणजे चुकीचं असणार," कासव म्हणालं.

"शिवाय ते कुणालाही जमेल," बेडूक कळवळून म्हणाला. "मग आम्ही काय करायचं?"

हा मुद्दा सगळ्यांना पटला.

समितीचा पहिला उपाय ठरला कांद्याचा रस. आता रस केसांना लावायचा, केस मुकुटाखाली, आणि मुकुट तर काढायचा नाही. समितीने खल केला आणि मार्ग काढला. लेप मुकुटावरून लावावा. वा रे वा! रोज सकाळी दोन माकडं मुकुटाला कांद्याचा रस चोळू लागली. दरबारात सगळ्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. शेजारच्या जंगलाचा वकील आला होता, तोही हुंदके देत परत गेला. आपल्या राजाला जाऊन म्हणाला, "महाराज, तिथली प्रजा राजावर इतकं प्रेम करते, की त्याला बघून रडते. नाहीतर आपली!"

मग दह्याचा लेप झाला. माश्यांचं एवढं मोहोळ जमलं, की महाराज बोलताहेत की माश्या, ते कळेना. मग शीर्षासन. केस डोक्यात वर अडकलेत, उलटं केलं की खाली घरंगळतील, असं कासवाचं म्हणणं. महाराज उलटे उभे राहिले. केस काही घरंगळले नाहीत. मुकुट मात्र भुवयांपर्यंत रुतला.

अखेर समितीने अहवाल दिला. "मुकुटाची चकाकी उत्तम वाढली आहे. उपचार लागू पडत आहेत." टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. हसू नका. तुम्ही असता तर तुम्हीही वाजवल्या असत्या.

त्या दुपारी दुर्जय गुहेत आला आणि भिंतीकडे तोंड करून बसला. कनका पुढे जाऊन बघते तो काय, एवढा जंगलाचा राजा, ढसाढसा रडतोय. आणि आज कांदाही नव्हता.

"कनका, मी टकला झालो तर तू मला सोडून जाशील?"

"मला कधी आयाळ होती हो? तुम्ही सोडलंत का मला?"

इतक्या वर्षांत हे दुर्जयच्या लक्षातच आलं नव्हतं.

"पण मुकुट काढला आणि कोणी नेला तर?"

"नेतोय कोण? मी बसते त्यावर!"

आणि खरंच, तिने दोरी दातांनी सोडली, मुकुट ओढून काढला, जमिनीवर ठेवला आणि त्यावर ऐसपैस बसली. "अगंबाई, टोचतो की मेला," म्हणाली, पण उठली नाही. बसल्या बसल्याच तिने रिठा-शिकेकाईचं पाणी ओतून त्याचं डोकं धुतलं. नखं आत ओढून, नुसत्या पंजाच्या गादीने, हलके हलके. खसाखसा पुसलं नाही, उन्हात आपोआप वाळू दिलं. मग थोडं खोबरेल. साळिंदराच्या काट्यांच्या रुंद फणीने आधी टोकांचा गुंता सोडवला, मग वरचा. ओढाताण नाही, घाई नाही.

दुर्जय झोपला. मुकुटाशिवाय झोपण्याची त्याची पहिलीच वेळ. असा घोरला, की छताची वटवाघळं सामान आवरून दुसऱ्या गुहेत राहायला गेली. जागा झाला तेव्हा डोकं हलकं झालं होतं. इतकं सुख राजा झाल्यापासून त्याला कधी मिळालं नव्हतं, आणि त्याने कनकाला तसं सांगितलंही. ती लाजली, मग म्हणाली, "आता जेवून घ्या. काळजीने हाडं दिसायला लागलीत."

तेव्हापासून रोज दुपारी मुकुट उतरायचा आणि राणीचं आसन व्हायचा. बाहेर मुकुटाला लेप लावणं चालूच होतं. उगाच समितीचं मन कशाला मोडा!

केस एका रात्रीत आले नाहीत, बरं का. एका रात्रीत कुत्र्याच्या छत्र्या उगवतात, नाहीतर जाहिराती. आधी नुसती लव आली. दुर्जय दिवसातून दहादा पाण्यात वाकून बघायचा. मग लवेचे केस झाले, केसांची झुलपं झाली. होळीच्या दिवशी सकाळी तर मुकुट डोक्यावर बसेचना. शेवटी कनकाने गुडघा टेकवून दाबला, तेव्हा कसाबसा बसला.

दरबार खच्चून भरला. चपळराव पुढेच होता, जिभल्या चाटत.

दुर्जयने दोरी सोडली. मुकुट आपणहून उडाला आणि आयाळ फुलारून बाहेर आली. त्याने मान झटकली. पहिल्या रांगेतल्या सशांना वारा लागला. "जय हो! जय हो!" हत्तींनी सोंडा उंचावल्या, मोर वेळ नसताना नाचले, एका तरसाला आनंदाने घेरी आली. "आमच्या लेपाचा गुण!" असं प्राध्यापक गिधाड ओरडले आणि त्यांनाही हार पडला. दुर्जय लहान बछड्यासारखा उड्या मारत होता. राज्य वाचलं होतं.

"आता मुकुट घालावा महाराज," चपळराव म्हणाला.

दुर्जयने मुकुट उचलला. डोक्यावर ठेवला. तो घसरला. परत ठेवला, परत घसरला. कनका धावली. सगळ्यांसमोर तिने गुडघा टेकवला, दाबला, दोरी ताणली. दोरी तटकन तुटली आणि मुकुट गडगडत चपळरावाच्या पायाशी गेला.

"अरेरे, हरवायचा एखादवेळी," चपळराव म्हणाला. "तेवढा मी सांभाळतो." आणि त्याने तो सांभाळायला म्हणून आपल्या डोक्यावर ठेवला.

बिबट्याचे केस आखूड, चापून बसलेले. मुकुट असा बसला, जसा त्याच्याच मापाचा.

मग सगळ्यांना कायदा आठवला.

"चपळराव महाराजांचा विजय असो!" पहिला आवाज प्राध्यापक गिधाडांचा. मागोमाग तेच गळे, तोच जोर. बेडकाने लगेच विचारलं, "महाराज, समितीची मुदत वाढवायची ना?"

"वाढवायची," नवे महाराज हनुवटीखाली नवी दोरी बांधत म्हणाले.

संध्याकाळी दुर्जय नदीकाठच्या खडकावर बसला होता. कनका मागे बसून त्याची आयाळ विंचरत होती.

"वाईट वाटतंय का हो?"

"वाटतंय. फार वाटतंय. छातीत दुखतंय गं नुसतं." त्याने मान तिच्याकडे कलती केली. "डाव्या कानामागे जरा अजून चोळ ना."

तात्पर्य : डोकं स्वच्छ आणि मोकळं ठेवलं, की केस भरघोस येतात आणि राज्य जातं. म्हणून मुलांनो, मोठेपणी राजा व्हायचं असेल तर आजपासून डोकं धुणं बंद करा. आणि कधीच न जाणारं पद हवं असेल, तर केस गळायची वाट न बघता थेट समितीत जा.